दाढेवर उमटतं ते जातं

दाढेचा पहिला साचा टाकून द्यायचा. तो घेतला जातो फक्त खाचाखोचांत अडकलेली धूळ उचलायला. सिलिकोन सगळीकडे शिरतं आणि निघताना कापसाच्या बोळ्याला न सापडलेली माती सोबत घेऊन येतं. कामाचा असतो तो दुसरा साचा. महागाची वस्तू फुकट कशाला घालवायची म्हणून नवखा माणूस पहिलाच साचा जपून ठेवतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली मातीचे कण मोजत बसतो आणि समजतो की आपण जेवणाच्या खुणा मोजतोय.

चावताना दाढेवर बारीक ओरखडे आणि खड्डे उमटतात. ते पाहून जुना माणूस किंवा जुनं माकड काय खात होतं याचा अंदाज बांधायचा, असं हे काम. पण जुनी दाढ वाचायची तर आधी ज्यांचं खाणं माहीत आहे अशा दाढांचा संच हाताशी हवा. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, गोकाक या पट्ट्यात असा तुलनेचा संच बांधायला आम्ही घेतला, त्यातल्या पायऱ्या आणि चुका इथे मांडतोय. आपल्याकडे सुरुवात ताज्या दातांपासूनच करावी लागते. घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यांत अश्मयुगीन दगडी हत्यारं भरपूर सापडली, पण ती हातात धरणाऱ्यांचे दात सापडले नाहीत. नर्मदेकाठी हथनोऱ्याला १९८२ साली मिळालेली प्रसिद्ध कवटीसुद्धा वरची टोपीच आहे. तिला जबडा नाही, दात नाहीत.

धरायची ती खालची दुसरी दाढ. पहिली दाढ सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्याच्या सुमारास. म्हणजे मोठ्या माणसात पहिलीवर सहा वर्षांची झीज जास्त, आणि पुष्कळदा तिचे उंचवटे सपाट होऊन आतलं पिवळसर डेंटिन उघडं पडलेलं असतं. अक्कलदाढ तर घेऊच नये, बऱ्याच जणांत ती समोरच्या दाढेला नीट टेकतच नाही. दुसऱ्या दाढेचाही सगळा माथा उपयोगाचा नसतो. चावताना जबडा आधी वर येतो, उंचवटे एकमेकांना घासत खाली बसतात, आणि मग दाढा भिडलेल्या असतानाच जबडा जरा आत सरकतो. या दुसऱ्या सरकण्यात घास भरडला जातो. तिथे घासून तयार झालेल्या लहानशा पैलूला या विषयात नऊ क्रमांक दिलेला आहे. खालच्या दाढेत तो गालाकडच्या उंचवट्याच्या आतल्या उतारावर असतो, ज्वारीच्या दाण्याहून लहान. आधीच्या सरकण्याने पडलेल्या पैलूंवर कातरण्याच्या खुणा जास्त येतात. दोन्हींची मोजणी एकत्र केली की आकडे कशाचेच राहत नाहीत.

हात बसवायला बकऱ्याचे जबडे उत्तम. खाटकाकडे हवे तेवढे मिळतात, साचा बिघडला तरी हळहळ नाही. जबडा उकळायचा नाही आणि उन्हात वाळवायचा नाही, दोन्हींनी इनॅमलला, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणाला, तडे जातात. झाकणाच्या बादलीत पाण्यात ठेवायचा, पाणी बदलत राहायचं, आणि शेजाऱ्यांचा राग सोसायचा. बकऱ्याच्या दाढेत माणसासारखे पैलू नसतात, इनॅमलच्या उभ्या पट्ट्या असतात, त्यामुळे हे आकडे माणसाशी ताडायचे नाहीत. पण तांदळाच्या खाचरातल्या धसकटांवर, जमिनीलगत चरणारं मेंढरू आणि झुडपाचा पाला ओरबाडणारी शेळी यांच्या दाढा शेजारी ठेवून पाहिल्या की धूळ म्हणजे काय ते डोळ्यांना कळतं.

वानर आणि माकड दोन्ही खानापूरच्या जंगलात आहेत आणि तुलनेला फार सोयीचे आहेत. वानराचं पोट पाला आंबवणारं. माकड गालाच्या पिशव्या भरून फळं, बिया, किडे, देवळातला नारळ, जे मिळेल ते खाणारं. पण रस्त्याकडेला मेलेल्या प्राण्याची कवटी उचलून पिशवीत टाकायची नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा होतो. लेखी परवानगी काढायची आणि संग्रहातल्या कवटीचा जागेवरच साचा घ्यायचा. कवटी तिथेच राहते, आपण फक्त साचा आणतो. या पद्धतीचा हाच मोठा गुण.

माणसांच्या दाढांच्या बाबतीत आमची सुरुवातीची आखणीच चुकली. दवाखान्यांतून काढलेल्या दाढा संमतीने आणि नैतिकता समितीची परवानगी घेऊन मिळवायच्या, असं ठरवलं होतं. दाढा मिळाल्याही. पण दाढ काढायची वेळ येते तोवर माणूस कितीतरी दिवस त्या बाजूने चावत नसतो. पेज, मऊ भात, दुधात कुस्करलेली भाकरी, तेही दुसऱ्या बाजूने. आणि दाढेवरच्या या खुणा फार अल्पायुषी असतात. टीफर्ड आणि ओयेन यांनी १९८९ साली पिंजऱ्यातल्या व्हर्वेट माकडांना मऊ आणि कडक खाणं देऊन साचे घेतले, तेव्हा काही दिवसांतच जुन्या खुणा पुसून नव्या आलेल्या दिसल्या. म्हणजे दुखऱ्या दाढेवर त्या माणसाचा रोजचा आहार नसतोच, असतो तो दुखण्याच्या दिवसांतला पथ्याचा आहार. त्या दाढा आता सरावाला ठेवल्या आहेत. दंतवैद्याच्या हातून, निरोगी दात असलेल्यांच्या तोंडातूनच साचे घेणं हा मार्ग उरला. त्यात दाढ कापसाने पुसून हवेच्या झोताने पुरती कोरडी करावी लागते. लाळेचा पातळ थर राहिला तर साच्यात सगळ्या कडा लोण्यासारख्या गोल होऊन येतात, आणि तोंडातली दाढ पुन्हा ओली व्हायला अर्धा मिनिटही लागत नाही.

जुन्या, उत्खननातल्या दाढेचा क्रम वेगळा. आधी फोटो. मग दातावरचं कीटण असेल तर ते वेगळ्या कुपीत काढून ठेवायचं, कारण त्यात पिष्टाचे कण आणि वनस्पतींचे सिलिकाकण अडकलेले असतात आणि ॲसिटोनचा बोळा फिरला की ते गेलेच. नंतर ऊर्ध्वपातित पाणी, मग अल्कोहोल, शेवटी ॲसिटोन. कापूस काडीला गुंडाळून फक्त टेकवायचा आणि फिरवत उचलायचा, घासायचा नाही. दातांचा ब्रश, सुई, खायचा सोडा, यांतलं काहीही इनॅमलजवळ आणायचं नाही. संग्रहालयातल्या जुन्या दातांवर मजबुतीसाठी लाखेचा किंवा रेझिनचा हात दिलेला असतो. ॲसिटोनचा बोळा पिवळा निघत राहिला तर समजायचं, आणि पांढरा निघेपर्यंत बदलत राहायचं. पानसुपारीने चढलेला काळा थर मात्र यातल्या कशानेच जात नाही. ती दाढ यादीतून वगळायची. खरवडून मिळवलेला पैलू आपल्याच चाकूचा इतिहास सांगतो.

साच्याला दंतवैद्य वापरतात तेच ॲडिशन सिलिकोन लागतं, मध्यम घट्टपणाचं. ५० मिलीचं दुहेरी काडतूस, दोन भाग सारख्या प्रमाणात. बंदुकीला लावल्यावर मिसळनळी चढवण्याआधी वाटाण्याएवढं द्रव्य बाहेर दाबून दोन्ही धारा सारख्या येतात ना ते पाहायचं. एका तोंडाशी गाठ धरलेली असली तर मिश्रण कधीच नीट बसत नाही. एका दाढेला दोन ते तीन मिली पुरतं. नळीचं टोक एका कडेला टेकवून द्रव्य पुढे ढकलत न्यायचं. वरून थेंब टाकला की खाली हवा कोंडते. हवेचा बुडबुडा साच्यात खळगा करतो आणि साच्यात रेझिन ओतून काढलेल्या दाढेच्या प्रतीत तोच खळगा गोल फोड होऊन उठतो. दाढेला फोड येत नाही, म्हणून ही चूक निदान ओळखू तरी येते.

एक चूक मात्र पुष्कळ दिवस छळते. रबरी हातमोज्यांमधल्या गंधकाने सिलिकोनमधलं प्लॅटिनमचं उत्प्रेरक मरतं. बाकी साचा घट्ट आणि जिथे बोट लागलं तिथे चिकट, ओलसर. मोजे हातात असताना दाढ नुसती हाताळली असली तरी पुरतं. लेटेक्सऐवजी नायट्राईलचे मोजे घेतले की हे थांबतं. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात काडतूस सकाळीच वापरायचं. दुपारी द्रव्य पैलूवर पसरायच्या आत घट्ट व्हायला लागतं.

साचा निघाला की लगेच ओतायची घाई नको. हे सिलिकोन बसल्यावरही थोडा हायड्रोजन सोडत राहतं आणि त्याचे टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे प्रतीवर खड्ड्यांसारखेच दिसतात. फोड ओळखू येते, हे खड्डे ओळखू येत नाहीत. रात्रभर साचा उघडा ठेवायचा. सकाळी त्याच्याभोवती पुट्टीची पाळ बांधायची, जशी वाफ्याला बांधतात, म्हणजे रेझिन बाहेर वाहणार नाही.

आम्ही वापरतो त्या पारदर्शक इपॉक्सीचं प्रमाण वजनाने चारास एक: ८ ग्रॅम रेझिन, २ ग्रॅम हार्डनर. आकारमानाने मोजायचं नाही, दोघांची घनता वेगळी असते. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकेल हा समज सिमेंटच्या कामातून आलेला असावा. इथे तसं होत नाही. जादा हार्डनर नुसता शिल्लक राहतो आणि प्रत कायमची चिकट राहते. दोन मिनिटं सावकाश ढवळायचं, फेस येईल इतकं नाही. मग निर्वात घंटेखाली बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत ठेवायचं. घंटा नसेल तर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. ओतताना काडीच्या टोकावरून दोऱ्यासारखी धार एका कोपऱ्यात सोडायची आणि ती स्वतःहून पैलूवर चढू द्यायची. चोवीस तास हात लावायचा नाही.

पावसाळ्यात, विशेषतः जुलैमध्ये, बेळगावच्या हवेत हे काम करताना प्रतीच्या पाठीवर पांढुरका, मेणचट थर येतो. हार्डनर हवेतलं पाणी आणि कर्बवायू खेचून घेतो, त्याने हा थर बनतो. पहिल्यांदा पाहिला की सगळी बॅच गेली असं वाटतं. पण तो हवेकडच्या बाजूला असतो आणि पैलू साच्याला टेकलेला असतो, म्हणून पाठ कोमट पाण्याने पुसली की भागतं. खरी भीती साच्याच्या आत बसलेल्या दमटपणाची. तो पैलूच्या बाजूला खोटे खड्डे पाडतो. साचे तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला कुणी देईल. देऊ द्या. तांदळाची पूड साच्यावर बसते. सिलिका जेलच्या पुड्या घालायच्या आणि डबा घट्ट लावायचा.

आता पाहणं. साध्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकावर ३५ पट मोठं करून, नेत्रकाचात ०.४ मिलिमीटर बाजूचा चौकोन बसवून मोजायची पद्धत आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे होऊ शकतं. सगळी किमया प्रकाशात. दिवा वरून मारला तर पारदर्शक प्रत म्हणजे नुसती काच. दिवा खाली आणून जवळजवळ आडवा केला की त्याच काचेवर रेषा उठायला लागतात, जशी संध्याकाळच्या उन्हात नांगरट उठून दिसते. पण ज्या रेषा प्रकाशाच्या दिशेनेच जातात त्या दिसतच नाहीत. प्रत बोटाने पाव फेरा फिरवली की मघाचे ओरखडे विझतात आणि दुसरेच पेटतात. म्हणून एकाच कोनातून मोजलेला आकडा ग्राह्य धरत नाही. प्रत फिरवत फिरवत पूर्ण चौकोन नकाशासारखा कागदावर उतरवायचा आणि मग मोजायचं.

लांबी रुंदीच्या चौपटीहून जास्त असेल तर ओरखडा, कमी असेल तर खड्डा, ही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या कामातून आलेली सीमा. कागदावर सोपी वाटते. प्रत्यक्षात खड्ड्याला शेपूट असते, ओरखडा मध्येच तुटतो, आणि दोन माणसं एकच चौकोन मोजून वेगळे आकडे आणतात. म्हणून प्रतींवर फक्त सांकेतिक क्रमांक लिहायचे, कुठली दाढ कुणाची ते मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, आणि आठवड्याने त्याच माणसाकडून तोच चौकोन पुन्हा मोजून घ्यायचा. स्वतःचाच आकडा स्वतःला पटत नाही तेव्हा माणूस नम्र होतो. वेगळ्या मोठेपणावर घेतलेले आकडे एका तक्त्यात घालायचे नाहीत हेही आलंच.

या माणसागणिक बदलणाऱ्या मोजणीला कंटाळूनच पुढे पृष्ठपोताची पद्धत आली. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक १०० पटीच्या भिंगाने पैलूची उंचसखलता टिपतो. एकमेकांना लागून चार तुकडे घेतात, मिळून साधारण २७६ बाय २०४ मायक्रोमीटर, आणि प्रत्येक मापाचा चारांतला मध्यक धरतात. दोन मापं महत्त्वाची. एक गुंतागुंतीचं: खडी टाकलेल्या रस्त्यासारखा पृष्ठभाग, लहानमोठे खड्डे एकात एक. दुसरं दिशेचं: नांगरलेल्या शेतासारखा, सगळ्या रेषा एकीकडे धावणाऱ्या. कडक बिया फोडणाऱ्या माकडांत पहिलं माप चढतं. चिवट पाला कातरत बसणाऱ्यांत दुसरं चढतं. यंत्र दूर आहे, त्यामुळे इथून प्रती पाठवाव्या लागतात. त्या बसच्या इंजिनशेजारच्या जागेत ठेवायच्या नाहीत. साध्या तापमानाला सुकवलेलं रेझिन तिथल्या उष्णतेत मऊ होऊन वाकतं.

या शास्त्राला पाय कसे फुटले ते दोन उदाहरणांत कळतं. वॉकर आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये सेरेंगेटीतल्या दोन जातींच्या हायरॅक्सच्या दाढा पाहिल्या. सशाएवढे हे प्राणी एकाच खडकात शेजारी राहतात, पण एक जात पावसाळ्यात गवतावर उतरते आणि दुसरी पाल्यावरच राहते. ते दाढांवर स्पष्ट उमटलेलं होतं. दुसरं उदाहरण जास्त बोलकं. टांझानियातल्या ओल्डुवाईला १९५९ साली मेरी लीकी यांना मिळालेली पॅरँथ्रोपस बॉइसी या नामशेष मानवसदृश जातीची कवटी. एवढाल्या दाढा, जाड इनॅमल, जबड्याचे स्नायू धरायला डोक्यावर हाडाची कड. अडकित्त्यासारखा जबडा, म्हणजे हा कडक कवचाची फळं फोडत असणार असं सगळ्यांनी धरलं. २००८ मध्ये उंगार, ग्राइन आणि टीफर्ड यांनी या जातीच्या दाढांचा पोत मोजला तर खड्डे जवळपास नाहीतच, सगळं मवाळ. २०११ मध्ये सर्लिंग आणि सहकाऱ्यांनी इनॅमलमधल्या कार्बनचे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू, मोजले. खाल्लेल्या वनस्पतींचा गट त्यावरून कळतो. आहाराचा सुमारे ७७ टक्के भाग गवत-लव्हाळ्याच्या गटातला निघाला. दक्षिण आफ्रिकेतल्या त्याच्या भाऊबंदाच्या, रोबस्टसच्या, दाढांवर मात्र खड्डे आहेत. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत ही म्हण मराठीत आहे आणि कन्नडातही तशीच आहे. बॉइसीकडे दात होते, चण्यांचा पत्ता नाही.

दाढेचा आकार सांगतो की हे जनावर काय काय खाऊ शकलं असतं. खुणा सांगतात की मरण्याआधीच्या दिवसांत त्याने काय खाल्लं. ग्राइन यांनी १९८६ साली याला शेवटच्या जेवणाची अडचण म्हटलं. एका दाढेवरून माणूस ठरत नाही, एका जातीच्या बऱ्याच दाढा एकत्र पाहाव्या लागतात, आणि त्या कुठल्या ऋतूत मेलेल्यांच्या आहेत याचाही विचार करावा लागतो. इथे सुगीत मेलेल्याची आणि श्रावणात मेलेल्याची दाढ सारखी दिसणार नाही.

आता आमचं मुख्य म्हणणं. शेतकरी माणसाच्या दाढेवर ओरखडे पाडतं कोण? भाकरी नव्हे. शिजलेल्या पिठात इनॅमलवर रेघ ओढण्याइतकं कडक काहीच नसतं. खनिजांची कठीणता एक ते दहा अशी मोजणाऱ्या मोहच्या मापावर इनॅमल पाचाच्या आसपास, क्वार्ट्झ सात. गवताच्या पेशींतले सिलिकाकण इनॅमलला खरवडतात की नुसते दाबून चर पाडतात यावर संशोधकांत अजून वाद चालू आहे. पण दगडाच्या कचेबद्दल वाद नाही. म्हणून जुन्या शेतकऱ्याच्या दाढेवर आपण वाचतो ते धान्य नसतं, त्याचं जातं असतं, खळं असतं, आणि भांडं असतं. सीरियातल्या अबू हुरेरा या नवाश्मयुगीन वस्तीत नेमकं हेच दिसलं. मातीची भांडी आली, धान्य मऊ शिजवता येऊ लागलं, आणि दाढांवरच्या खुणा सौम्य झाल्या.

इथला भूभाग या प्रश्नाला फार सोयीचा आहे. बेळगाव दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या कडेवर बसलेलं. पश्चिमेला जांबोटीकडे जांभा, पूर्वेला गोकाककडे वाळूचा दगड आणि क्वार्ट्झाईट. काळ्या पाषाणात क्वार्ट्झ मुळात जवळपास नसतो, त्यातले फेल्डस्पार सहाच्या आसपास आणि पायरॉक्सीन पाच ते सहा. वाळूच्या दगडाचा कण सातचा. त्यामुळे जातं कुठल्या दगडाचं हे आधी विचारायचं. दुसरा प्रश्न, टाकी कधी लावली. जातं गुळगुळीत झालं की पाथरवट छिन्नीने त्याला पुन्हा खरखरीत करतो, आणि त्यानंतरचं पहिलं दळण दातांखाली कचकचतं. घराघरांतल्या बायका ते दळण जनावरांना घालत आल्या आहेत.

ती कच मोजायची तर तांदूळ रोळतो तसं पीठ पाण्यात रोळून तळाचं पाहता येतं, पण बारीक कण कोंड्याला धरून वाहून जातात. भरवशाची रीत आम्लात न विरघळणाऱ्या राखेची. पीठ आधी आचेवर धूर थांबेपर्यंत जाळायचं, मग भट्टीत ५५० ते ६०० अंशांवर राख पांढुरकी होईपर्यंत ठेवायचं. राख सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून राखविरहित गाळणकागदातून गाळायची, क्लोराईड निघून जाईपर्यंत धुवायची, कागदासकट पुन्हा जाळून उरलेलं तोलायचं. खाद्यनियमांत गव्हाच्या आट्याला ही मर्यादा ०.१५ टक्के आहे. ५ ग्रॅम पिठात ती भरते साडेसात मिलिग्रॅम. साध्या काट्यावर हे दिसणारच नाही, म्हणून २० ग्रॅम पीठ घ्यायचं आणि मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत तोलणारा काटा वापरायचा.

उरलेलं सगळं दगड समजायचं नाही. तुसाचा सिलिका आम्लात विरघळत नाही, आणि भाताच्या तुसात तो भरमसाट असतो. म्हणून शेवटची चिमूट काचपट्टीवर घ्यायची. ज्वारीच्या पानातुसातले सिलिकाकण डमरूसारखे दिसतात, दोन्हीकडे फुगीर, मध्ये बारीक. एकदा पाहिले की विसरत नाहीत. दगडाचे कण कोनेरी, कडा धारदार. पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवलं तर काळ्या पाषाणातल्या मॅग्नेटाईटचे कण उडी मारून चिकटतात. पण पाथरवटाच्या छिन्नीचं लोखंडही चिकटतं, त्यामुळे टाकीनंतरच्या पिठात चुंबकाच्या साक्षीला फार किंमत देऊ नये. शिवाय काळ्या पाषाणातले काही कण आम्लात थोडे विरघळतात, म्हणून या रीतीने त्याची कच जरा कमीच भरते.

कच फक्त जात्याची नसते. ज्वारीची मळणी शेणाने सारवलेल्या खळ्यावर झाली की डांबरी रस्त्यावर गाड्यांच्या चाकांखाली, हेही लिहून घ्यायचं. आणि निपाणीच्या बाजूला मिश्री. भाजलेल्या तंबाखूची पूड, गोवरीची राख, विटेची भुकटी, मीठ, हे बोटाने दातांवर घासलं जातं. गोवरीच्या राखेत तर कडब्यातले सगळे सिलिकाकण जसेच्या तसे असतात. बोटाचा जोर गालाकडच्या पृष्ठभागावर पडतो, तिथे आडव्या रेषा येतात. गालाकडच्या रेषांवरून आहार सांगण्याची एक पद्धत इतरत्र चालते, पण इकडच्या दातांवर ती वापरायला आम्ही धजत नाही.

गाडल्यावर पडलेल्या खुणा वेगळ्या काढाव्याच लागतात. दाढेच्या मानेजवळ, जिथे समोरची दाढ कधी टेकतच नाही, तिथेही तशाच रेषा असतील तर त्या मातीच्या किंवा खुरपीच्या. जमीन आम्लधर्मी असेल तर इनॅमल ज्या सूक्ष्म दांड्यांचं बनलेलं असतं त्यांची टोकं मधाच्या पोळ्यासारखी उघडी पडतात. असा पैलू वाचण्यालायक नसतो.

लोक एकच विचारतात, हा शाकाहारी होता की मांसाहारी? या खुणांवरून ते सांगता येत नाही. मटण मऊ असतं, त्याची स्वतःची खूण जवळपास उमटत नाही. त्याला नायट्रोजनचे समस्थानिक लागतात. कार्बनचे समस्थानिक मात्र या जिल्ह्यात मजेदार ठरतील. वनस्पती हवेतला कर्बवायू कसा धरतात यावरून त्यांचे गट पडतात. खानापूरकडचा भात एका गटातला, पूर्वेची ज्वारी, नाचणी आणि मका दुसऱ्या गटातला, त्यामुळे एकाच जिल्ह्यातली दोन ताटं इनॅमलमध्ये वेगळी दिसायला हवीत. पण कडबा खाणाऱ्या म्हशीचं दूधही ज्वारीच्या गटाकडे झुकतं, हे भात खाणाऱ्याच्या बाबतीत विसरता येत नाही.

आम्हाला वाटलं होतं की आताचा माणूस म्हणजे कच नसलेला नमुना, जात्याशी ताडायला कोरी पाटी. तसं नाही. पिठाच्या गिरणीतही दगडच असतात, पुष्कळ ठिकाणी एमरीचे. एमरीत कोरंडम असतं, मोहच्या मापावर नऊ. त्या दगडांनाही झीज झाली की टाकी लागते. साचा घेतल्यापासून मागे जाऊन गिरणीचा तो दिवस शोधायला लागलो तेव्हा गिरणीवाले हसले, पण बहुतेकांना तारीख सांगता आली, कारण त्या दिवशी गिरणी बंद असते. आता साच्याच्या डब्यावरच्या चिठ्ठीत वय, गाव, धान्य, मिश्री, पान यांच्याखाली आणखी दोन रकाने आहेत: दळण कुठल्या गिरणीतून, आणि तिथल्या दगडाला शेवटची टाकी कधी.